चूक गिऱ्हाइकापासून झाकावी, वहीपासून नव्हे

दुकानाची वेबसाइट असणे ही आता मोठ्या शहरांतल्या पेढ्यांचीच मिरासदारी राहिलेली नाही. कापडवाले, शिंपी, जरीकाम करणारे, अत्तरवाले असे आपले पुष्कळ बंधू आज मोबाइलवरून ऑर्डरी घेतात. वेबसाइट बनवून घेताना रंग कोणता, फोटो किती, दुकानाचे नाव केवढ्या अक्षरांत, यावर तासन्‌तास चर्चा होते. परंतु एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. यंत्राकडून चूक झाली तर ती कोणाला दिसेल आणि कोठे लिहिली जाईल? धंद्याच्या दृष्टीने हा प्रश्न रंगापेक्षा मोठा आहे, कारण त्यात पैसा आणि इतबार दोन्ही गुंतलेले आहेत.

विषय सोपा व्हावा म्हणून एक दुकान डोळ्यांपुढे आणू. दुकान कल्पनेतले आहे, गाव मात्र खरे आहे. गडचिरोली जिल्ह्यात छत्तीसगडच्या सीमेला लागून भामरागड आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा तेथे संगम होतो. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की आलापल्लीकडचा रस्ता बंद, हे या गावाने वर्षानुवर्षे सोसले आहे. समजा, तेथील एका दुकानदाराने कोशाच्या कापडाची वेबसाइट काढली. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर होणारा कोसा हा गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागाचा जुना माल. आता गिऱ्हाईक पुण्यात, दुकान जंगलात, आणि वेबसाइट ज्या यंत्रावर चालते तो सर्व्हर तिसऱ्याच गावी. या तीन ठिकाणांच्या दरम्यान चूक कोठेही होऊ शकते.

पीएचपी ही काय चीज आहे?

अशा बहुसंख्य वेबसाइटी ज्या संगणकीय भाषेत लिहिल्या जातात तिचे नाव पीएचपी. ग्रीनलंडमध्ये जन्मलेले रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ साली स्वतःच्या वेबपानासाठी काही छोटी अवजारे तयार केली आणि ८ जून १९९५ रोजी ती सर्वांसाठी खुली केली. पुढे इस्रायलचे अँडी गटमन्स आणि झीव सुरास्की यांनी भाषेचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ साली तिसरी आवृत्ती आली. २००३ साली निघालेले वर्डप्रेस याच भाषेत आहे. आपल्याकडील लहान दुकानांच्या वेबसाइटी बहुधा त्यावरच उभ्या असतात.

या भाषेतील चुकांच्या संदेशांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. दोन विसर्गचिन्हांसारखे दिसणारे एक चिन्ह चुकीच्या जागी पडले, तर यंत्र 'पामायिम नेकुदोतायिम' असे काहीसे छापत असे. जगभरचे प्रोग्रामर डोके खाजवत. हे शब्द हिब्रू होते आणि त्यांचा अर्थ एवढाच की 'दोनदा दोन टिंबे'. नंतरच्या आवृत्त्यांत असे संदेश सोपे केले गेले. परंतु यातून एक गोष्ट ध्यानात येते. चुकीचा संदेश हा तो भाग ज्याने लिहिला त्याच्या भाषेत असतो. दुकानावर आलेल्या गिऱ्हाइकाला तो कळण्यासारखा नसतो आणि त्याच्यासाठी तो लिहिलेलाही नसतो.

चुकांचे दर्जे

पीएचपी चुकांना दर्जे लावते. सर्वांत हलकी चूक म्हणजे 'नोटीस'. त्याहून गंभीर 'वॉर्निंग'. सर्वांत भारी 'फेटल एरर', म्हणजे यंत्राचे काम जागीच थांबते.

सामान्य माणसाला वाटेल की फेटल एररच सर्वांत धोक्याची. व्यापाऱ्याने मात्र उलट विचार करावा. फेटल एरर आली की दुकान बंद पडते आणि ते लगेच समजते. नोटीस किंवा वॉर्निंग आली तर दुकान चालूच राहते, पण आत हिसाब बिघडलेला असू शकतो. गल्ल्यावरचा नोकर आजारी पडून घरी बसला तर आपल्याला कळते. तो रोज येऊन चुकीची बेरीज करत राहिला तर कळायला दिवाळी उजाडते.

तोंडावर बोट ठेवणारे चिन्ह

ईमेलच्या पत्त्यात मध्यभागी येणारे @ हे चिन्ह सर्वांना ठाऊक आहे. पीएचपीमध्ये एखाद्या ओळीच्या आधी हे चिन्ह लावले की त्या ओळीतून निघणारा चुकीचा संदेश दाबला जातो. चूक होतेच, फक्त आवाज होत नाही. आपल्याकडे म्हणतात, कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. हे चिन्ह म्हणजे कोंबड्यावरची टोपली.

घाईत काम उरकणाऱ्या प्रोग्रामरला हे चिन्ह फार प्रिय असते. पडद्यावर वॉर्निंग आली, मालक ओरडला, लावले चिन्ह, संदेश गेला, मालक खूश. पूर्वीच्या आवृत्त्यांत तर हे चिन्ह इतके ताकदवान होते की फेटल एररचा संदेशही दाबला जाई. वेबसाइट त्या जागी मरून पडे आणि का मेली याचा पत्ताच लागत नसे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून फेटल एरर या चिन्हाने दबत नाही. हलक्या चुका मात्र आजही दबतात.

या चिन्हाचा रास्त उपयोग अजिबात नाही असे नाही. तात्पुरती फाइल पुसायची आहे आणि ती आधीच दुसऱ्या कोणी पुसली असेल, तर तक्रार ऐकण्याचे कारण नाही. पण ज्या ओळीत भाव, माप, पैसा किंवा पत्ता आहे तेथे हे चिन्ह दिसले तर मालकाने खुलासा मागावा.

दराच्या रकान्यात मराठी आकडे

दाबलेल्या चुकीने पैसा कसा जातो, याचे एक उदाहरण खास आपल्या उपयोगाचे आहे.

भामरागडच्या आपल्या दुकानदाराने कोशाचा दर मीटरला ९०० रुपये ठरवला आणि वेबसाइटच्या दराच्या रकान्यात मराठी कळफलकावरून '९००' असे टाइप केले. वाचणाऱ्या माणसाला यात काहीच वावगे दिसणार नाही. पीएचपी मात्र देवनागरी आकड्यांना आकडे मानत नाही, ती त्यांना अक्षरे समजते. उर्दू आकड्यांचेही तेच. जुन्या आवृत्त्यांत अशा अक्षरांशी गुणाकार केला की यंत्र गुपचूप त्यांची किंमत शून्य धरून पुढे जाई. आता सहा मीटरचे बिल काढा. ५,४०० रुपयांच्या जागी शून्य. वर टपालखर्च १२० रुपये. पुण्याच्या गिऱ्हाइकाला सहा मीटर कोसा १२० रुपयांत!

डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ७.१ या आवृत्तीपासून यंत्र अशा ठिकाणी 'हा आकडा नव्हे' अशी वॉर्निंग देऊ लागले. म्हणजे भाषेने तोंड उघडले. पण सातव्या आवृत्तीच्या काळात प्रोग्रामरने त्या ओळीवर टोपली घातली असेल, तर उघडलेले तोंड व्यर्थ ठरे. दराचा रकाना मुळातच रिकामा राहिला तरी असेच होते. यंत्र 'अशी नोंद नाही' एवढे सांगते आणि गुणाकारात शून्य धरून पुढे चालते.

याला औषध सोपे आहे. दर जेथे भरला जातो तेथेच तपासणी हवी. देवनागरी किंवा उर्दू आकडे आले तर यंत्राने ते आधी बदलून घ्यावेत. दर शून्य किंवा रिकामा असेल तर तो माल विक्रीस लावूच नये. संदेश दाबणे आणि चूक सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या अशा.

गिऱ्हाइकापुढे काय यावे

काही जण म्हणतील, मग सर्व चुका पडद्यावर उघड दिसू द्याव्यात. हेही बरोबर नाही. पीएचपीचा कच्चा संदेश फार बोलका असतो. कोणत्या फोल्डरमधल्या कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत गडबड झाली ते तो सांगतो. डेटाबेसशी जोडणी तुटली आणि ती चूक कोणी झेलली नाही, तर पडद्यावर येणाऱ्या तपशिलात डेटाबेसचे नाव आणि पासवर्डही उमटू शकतो. असा इशारा खुद्द पीएचपीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आहे. डिसेंबर २०२२ च्या ८.२ या आवृत्तीत असे नाजूक तपशील झाकण्याची सोय करण्यात आली. पण जुनी वेबसाइट जुन्याच आवृत्तीवर चालत असेल तर त्या सोयीचा उपयोग नाही. तिजोरीची किल्ली कोठे टांगली आहे, हे दुकानाच्या पाटीवर लिहिण्यासारखाच हा प्रकार.

यासाठी पीएचपीमध्ये दोन वेगळे खटके आहेत. एकाचे नाव 'डिस्प्ले एरर्स', म्हणजे चूक पडद्यावर दाखवा. दुसरा 'लॉग एरर्स', म्हणजे चूक वहीत लिहा. पीएचपीबरोबर मांडणीच्या दोन नमुना-फाइली येतात. एक कारखान्यासाठी, जेथे वेबसाइट बनते. दुसरी दुकानासाठी, जेथे ती गिऱ्हाइकांना खुली होते. दुकानाच्या नमुन्यात पहिला खटका बंद आणि दुसरा चालू असतो. कोणतीच मांडणी-फाइल लावली नाही, तर मात्र पीएचपी चुका पडद्यावर दाखवते. म्हणून हा खटका कसा आहे ते कोणी तरी पाहिलेच पाहिजे.

नुसते दाखवणे बंद केले तर गिऱ्हाइकाला कोरे पांढरे पान दिसू शकते. तेही वाईट. गिऱ्हाईक बावरते, पुन्हा पुन्हा बटण दाबते, नाही तर निघून जाते. त्यापेक्षा त्याच्या भाषेत दोन ओळी याव्यात. 'क्षमा करा, आपली ऑर्डर नोंदवता आली नाही. पैसे कापले गेले असल्यास हा क्रमांक आम्हांला कळवा.' आणि खाली एक क्रमांक. तोच क्रमांक आतल्या वहीत त्या चुकीपुढे लिहिलेला असावा. गिऱ्हाइकाचा फोन आला की मिनिटात नोंद सापडते. वर्डप्रेसने मे २०१९ च्या ५.२ या आवृत्तीपासून अशीच वाट धरली आहे. भारी चूक झाली तर पाहुण्याला साधा संदेश दिसतो आणि मालकाच्या ईमेलवर खबर जाते.

वही ओट्यावर ठेवू नये

चुकांची वही, जिला प्रोग्रामर 'लॉग' म्हणतात, ती ठेवली म्हणजे काम संपले असे नाही. ती कोठे ठेवली हे महत्त्वाचे. वर्डप्रेसमध्ये ही वही चालू केली की साधारणपणे ती अशा फोल्डरमध्ये तयार होते, जेथे पत्ता ठाऊक असलेला कोणीही बाहेरून ती उघडू शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये याचे मोठे उदाहरण पुढे आले. लाइटस्पीड कॅश नावाचे एक जोड-अवजार ५० लाखांहून अधिक वेबसाइटींवर बसवलेले होते. त्याच्या तपासणीच्या वहीत, ती चालू केलेली असल्यास, आत आलेल्या लोकांच्या ओळखीच्या खुणा लिहिल्या जात. ती वही बाहेरून वाचता येत असल्यामुळे परका माणूस मालकाच्या नावाने आत शिरू शकत होता. दुरुस्ती करताना ती वही दुसऱ्या जागी हलवावी लागली.

म्हणून वही वेबसाइटच्या खुल्या फोल्डरबाहेर ठेवावी आणि तिच्यात पासवर्ड किंवा गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर कधी लिहू नये. गिऱ्हाइकाची माहिती ही आपल्याकडची अमानत आहे. आणखी एक बारीक गोष्ट. मांडणीत भारताची वेळ लिहिली नसेल, तर पीएचपी लंडनमधल्या ग्रिनिचच्या वेळेशी जुळणारी वेळ धरते. आपली घड्याळे साडेपाच तास पुढे. वहीत पहाटे साडेचारची चूक दिसली, तर ती आपल्याकडे सकाळी दहाला झालेली असते. हे ठाऊक नसेल तर गिऱ्हाइकाची तक्रार आणि वहीतली नोंद यांचा मेळ बसत नाही.

सौदा पुरा, नाही तर रद्द

आता पुन्हा भामरागडच्या पावसाळ्याकडे वळू. रस्ता बंद आहे, नेटवर्क गेलेले आहे, आणि त्याच वेळी पुण्याच्या गिऱ्हाइकाने यूपीआयने पैसे भरले. पैसे कापले गेले, पण वेबसाइटवर ऑर्डर उमटली नाही. अशा वेळी काय व्हायला हवे?

२००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून पीएचपीमध्ये 'ट्राय' आणि 'कॅच' ही सोय आहे. अर्थ असा की, हे काम करून पाहा आणि मध्येच चूक झाली तर ती येथे झेला. झेलल्यावर काय करायचे ते आपण आधीच लिहून ठेवायचे. ऑर्डर लिहिणे आणि साठ्यातून कापड वजा करणे ही दोन कामे एकाच गाठोड्यात बांधावीत. दोन्ही झाली तरच पक्की, एक फसले तर दुसरेही मागे घ्यावे. डिसेंबर २०१५ च्या सातव्या आवृत्तीपासून पूर्वीच्या पुष्कळशा फेटल चुकाही अशा झेलता येतात. परंतु काही प्रोग्रामर 'कॅच' लिहून आत काहीच लिहीत नाहीत. झेललेला चेंडू खिशात टाकून देण्यासारखे हे आहे. @ चिन्हापेक्षा ते देखणे दिसते, परिणाम तोच.

पेमेंटच्या बाबतीत याचा फटका थेट बसतो. पैसे जमा झाले की पेमेंट कंपनीचे यंत्र आपल्या वेबसाइटला परस्पर वर्दी देते. वेबसाइटने 'मिळाले' असे उत्तर दिले नाही, तर बहुतेक कंपन्यांची यंत्रे ती वर्दी पुन्हा पुन्हा पाठवतात. आता आपल्या बाजूला नोंद करताना चूक झाली, ती दाबली गेली आणि वेबसाइटने तरीही 'मिळाले' म्हटले, तर वर्दी पुन्हा येत नाही. पैसे आले, ऑर्डर नाही, आणि कोणाच्याच वहीत चूक नाही. म्हणून नियम असा ठेवावा की गिऱ्हाइकाला पैसे भरायला पाठवण्याआधीच ऑर्डर 'बाकी' म्हणून लिहावी, आणि नोंद पक्की झाल्यावरच 'मिळाले' म्हणावे. तीच वर्दी दोनदा आली तर ऑर्डर दोनदा उठू नये, यासाठी प्रत्येक ऑर्डरीला एकच क्रमांक असावा. रोज रात्री बँकेची जमा आणि ऑर्डरींची यादी ताडून पाहावी, जसा आपण रोजमेळ पाहतो.

बँकांच्या बाजूनेही हाच विचार झालेला आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून कापले गेले, पण दुकानदाराकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. चूक होणारच हे आधी मान्य करायचे आणि मग पुढचा रस्ता आखून ठेवायचा, यालाच चूक सांभाळणे म्हणतात.

बनवणाऱ्याला काय विचारावे

आपल्यापैकी बहुतेकांना प्रोग्राम लिहिता येत नाही आणि त्याची गरजही नाही. मुनीम ठेवणाऱ्याला स्वतः कीर्द लिहावी लागत नाही, पण ती वाचता यावी लागते. वेबसाइट ताब्यात घेण्याआधी, शेवटचा हप्ता देण्याआधी, पुढील गोष्टी विचाराव्यात.

पीएचपीची आवृत्ती कोणती आहे? ७.४ ची दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झाली, त्यामुळे त्याहून जुने काही असेल तर स्वीकारू नये. चुका पडद्यावर दाखवणे बंद आहे काय? वहीत लिहिणे चालू आहे काय? वही कोठे आहे आणि बाहेरून उघडते काय? दर, माप आणि पेमेंटच्या ओळींत @ चिन्ह किंवा रिकामा 'कॅच' आहे काय? मराठी आणि उर्दू आकडे टाकून आपल्यासमोर एक बिल काढून दाखवता काय? वही कोण वाचणार आणि आठवड्यातून किती वेळा?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. न वाचलेली वही आणि न लिहिलेली वही यांत फरक नाही. नेटवर्क नसलेल्या गावी ईमेलची खबर पोचत नाही, पण सर्व्हरवरची वही तेथेच असते. नेटवर्क आले की मालकाने आधी ती उघडावी, मग ऑर्डरी भराव्यात.

कापडाच्या धंद्यात थानातला ऐब आपण गिऱ्हाइकापुढे टाकत नाही. तो आधीच हुडकून, खूण करून, बाजूला काढतो आणि कोठून आला ते मागवालीला विचारतो. ऐब घडीत दडवून ठेवणारा दुकानदार एक हंगाम खपवतो, दुसऱ्या हंगामात गिऱ्हाईक फिरकत नाही. यंत्राच्या चुकीलाही हीच रीत लावावी. आपल्या वेबसाइटची वही कोणी उघडून पाहिलेली नसेल, तर हा अंक बाजूला ठेवून बनवणाऱ्याला आजच फोन करावा.